सहा गोलकांचा फँटम : दोन वर्षांच्या वापरानंतर

पेट स्कॅनरच्या (शरीरात दिलेल्या किरणोत्सारी द्रव्यावरून प्रतिमा काढणाऱ्या यंत्राच्या) प्रतिमेतील नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ किती उठून दिसते ते, मोजण्यासाठी आमच्या विभागाने नेमा आणि आयईसी या मानक ठरवणाऱ्या संस्थांच्या पद्धतीचा बॉडी फँटम, म्हणजे रुग्णाऐवजी स्कॅन करायची प्रतिकृती, घेतला, त्याला आता दोन वर्षे झाली. धडाच्या आकाराच्या या पारदर्शक पात्रात सुमारे 10 लिटर पाणी मावते. झाकणाला बारीक नळ्यांवर 10, 13, 17, 22, 28 आणि 37 मिलिमीटर आतील व्यासाचे सहा पोकळ गोलक टांगलेले आहेत, आणि मधोमध फुप्फुसाची जागा घेणारा दंडगोल आहे.

बांधणी दणकट आहे. मात्र भरण्याचे काम चिकाटीची परीक्षा पाहते. सहाही गोलकांत मिळून जेमतेम 48 मिलिलिटर द्रावण लागते आणि त्यातील सर्वांत लहान गोलकाचा वाटा अर्ध्या मिलिलिटरएवढाच असतो. लांब सुई तळापर्यंत नेऊन अगदी सावकाश भरले नाही, तर हवा आत राहते. पहिल्याच चाचणीत सीटीवर (क्ष-किरण स्कॅनवर) या लहान गोलकाच्या माथ्याशी ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला; आम्ही स्कॅनरला दोष देत बसलो होतो, आणि दोष आमच्या हाताचा होता. द्रावणातील किरणोत्सारी फ्लोरीन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटांचे असल्याने डोस कॅलिब्रेटरचे (द्रावणाचा किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचे) आणि स्कॅनरचे घड्याळ जुळवलेले असणेही तितकेच आवश्यक आहे.

नेमाच्या एनयू 2-2018 मानकानुसार सहाही गोलकांतील किरणोत्सारी द्रावणाची तीव्रता पार्श्वभूमीच्या, म्हणजे गोलकांभोवतीच्या द्रावणाच्या, चौपट ठेवतात. 2012 च्या आवृत्तीत दोन मोठ्या गोलकांत साधे पाणी असे. नॉइजसाठी पार्श्वभूमीत प्रत्येक गोलकाच्या मापाची 12 वर्तुळे पाच स्लाइसवर (प्रतिमेच्या आडव्या कापांवर), म्हणजे एकूण 60 वर्तुळे आखायची, आणि त्यांच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन एकूण सरासरीच्या टक्केवारीत मांडायचे.

इथेच सावध राहावे लागते. हा आकडा वर्तुळांच्या सरासऱ्यांमधला फरक सांगतो, पिक्सेलमधला नव्हे. त्यामुळे प्रतिमा मऊ करणारा गाउसियन फिल्टर वाढवला की डोळ्यांना प्रतिमा एकदम गुळगुळीत वाटते, पण 37 मिलिमीटरच्या वर्तुळांचा आकडा फारसा हलत नाही, कारण मोठ्या वर्तुळात पिक्सेलचा नॉइज आधीच बराचसा विरलेला असतो. याउलट त्याच फिल्टरने 10 मिलिमीटरच्या गोलकाचा कॉन्ट्रास्ट लगेच खाली येतो. पीएसएफ पुनर्रचना (स्कॅनरचा अंगभूत धूसरपणा गणिताने भरून काढणारी पद्धत) सुरू केली की कडांवर उसळी दिसते आणि लहान गोलकाची तीव्रता प्रत्यक्षापेक्षा जास्तही भरू शकते, म्हणजे वाढलेला आकडा म्हणजे चांगली प्रतिमा असे गृहीत धरता येत नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट आणि नॉइज हे दोन्ही आकडे एकाच आलेखावर, पुनर्रचनेच्या इटरेशननुसार (गणिताच्या फेऱ्यांनुसार) मांडल्याशिवाय मी कोणत्याही प्रोटोकॉलवर शिक्कामोर्तब करत नाही.

फँटमच्या मर्यादाही आहेत. गोलकांची भिंत थंड, म्हणजे किरणोत्सार नसलेली असते, रुग्णातील गाठीला अशी भिंत नसते. आणि एकसारख्या पार्श्वभूमीत यकृताचा पोत किंवा श्वासाची हालचाल नसते. म्हणून रुग्णांच्या स्कॅनसाठी यकृतातील पिक्सेलच्या विचलनाचा वेगळा आकडा आम्ही ठेवतो.

विक्रेत्याबद्दल माझी तक्रार साधी आहे. गोलकांच्या स्क्रूंचे वॉशर वर्षभरात सैल झाले आणि सुटे वॉशर मागवायला दोन महिने गेले. पात्राचे नेमके आकारमान माहितीपत्रकात दिलेलेच नव्हते. ते आम्ही पात्र रिकामे आणि भरलेले असे दोनदा वजन करून काढले, आणि तो आकडा आता झाकणावरच लिहून ठेवला आहे.