‘सगळे एकत्र राहतात’ म्हणून गळ्यात मारलेले 27 मासे

शोभेच्या माशांची अडीच फुटी टाकी, झाकण आणि दिवा 4,200. आतला फिल्टर 950, हीटर 650, ‘रेडी बॅक्टेरिया’ची बाटली 450, खाद्य-औषध 300. मासे 3,900. एकूण 10,450 रुपये. बाराव्या दिवसापर्यंत 27 पैकी 19 मासे मेले.

दुकानदाराने दिलेले मासे असे: 4 एंजल, 8 टायगर बार्ब, 2 ओरांडा गोल्डफिश, 2 टायगर शार्क, 1 सकर, 10 गुलाबी-निळे टेट्रा. ज्याला यातलं कळतं त्याला यादी वाचूनच संताप येईल. बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. गोल्डफिश थंड पाण्यातला, त्याला 20-22 अंश पुरे. हीटर लावून दिला 27 वर. टायगर शार्क दोन इंचांचा विकतात, पण तो खाण्यासाठी पाळतात तो पंगस मासा आहे, मोठेपणी तीन-चार फुटांचा होतो. आणि टेट्रांचा रंग कृत्रिम होता, आठवड्यातच फिका पडू लागला. नगाला 150 रुपये घेतले त्याचे!

दुकानात एंजल एका टाकीत होते आणि बार्ब चार टाक्या सोडून पलीकडे. डोळ्यांसमोर होतं. स्वतःच्या दुकानात जो माणूस हे दोन मासे एकत्र ठेवत नाही, तो माझ्या टाकीत एकत्र सोडायला सांगतोय, हे तिथेच खटकायला हवं होतं. पण मी दोनदा विचारलं होतं, “भांडणार नाहीत ना?” दोन्ही वेळा उत्तर आलं, “लहानपणापासून एकत्र वाढले की काही करत नाहीत.” विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा नाही.

बाटली ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा, हेही त्यानेच सांगितलं. सहाव्या दिवशी टेस्ट किटने अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष, मोजला तर 4 पीपीएम. नवी टाकी सायकल व्हायला, म्हणजे हे विष पचवणारे जिवाणू तिच्यात पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा सोडू नका, कोणतीही बाटली दाखवली तरी.

तक्रार केली तर दुकानदार म्हणे, “तुमच्या पाण्यात दोष आहे.” चौकीत हवालदार म्हणाले, “माशांची कसली तक्रार लिहायची?” पालिकेने पशुसंवर्धनकडे पाठवलं, पशुसंवर्धनने मत्स्यव्यवसायकडे, आणि तिथे सांगितलं की शोभेचे मासे दुकानात कसे विकतात ते आमच्याकडे येत नाही. तीन अर्धे दिवस गेले. एकानेही अर्जावर पोच दिली नाही. मग हा धंदा बघणारं कोण आहे? ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, पण हातात चिठ्ठी, तीवर फक्त ‘मासे व सामान’. प्रत्येक माशाचं नाव, नग आणि दर लिहिलेलं पक्कं बिल मागा. देत नसेल तर पैसे देऊ नका.

एवढ्या टाकीत पाणी जेमतेम 80 लिटर. त्यात 10 हार्लेक्विन रासबोरा, 6 कोरीडोरास आणि हनी गुरामीची एक जोडी नीट राहते. तेही तीन टप्प्यांत सोडायचे, प्रत्येक वेळी अमोनिया मोजून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं.

माझ्याकडे उरले 5 बार्ब, सकर आणि दोन्ही शार्क. सकर आणि शार्क फुकट परत देतो म्हटलं तरी दुकानदार घेत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तलावात किंवा नदीत सोडू नका. सकर आपल्याकडच्या पाण्यात आधीच पसरलाय, तो काढता येत नाही. मोठी टाकी असलेला कोणी घेईपर्यंत सांभाळावंच लागतं.