स्टिअरिंगला लावायचे वजन: काम चोख, पण घेऊ नये असे

मुठीत मावेल एवढे हे उपकरण स्टिअरिंगच्या एका बाजूला बसवले की चालकाचा हात तिथेच आहे, असे गाडीला वाटत राहते. हात स्टिअरिंगवर असूनही गाडीचा इशारा वाजतो, या तक्रारीमुळे माझ्या एका मित्राने ते ऑनलाइन मागवले होते. महामार्गावर साधारण अर्धा तास त्याच्या शेजारी बसून मी ते पाहिले. सांगितलेले काम ते बिनचूक करते. माझा आक्षेप त्या कामालाच आहे.

लेन राखणाऱ्या अनेक प्रणाली हातामुळे स्टिअरिंगवर येणारा हलका पीळ मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ७९ नुसार हात सुटल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत डोळ्यांना दिसणारा इशारा मिळावा लागतो. तरीही हात परत आले नाहीत तर आवाज सुरू होतो आणि शेवटी प्रणाली स्वतःहून बंद होते. वजनाच्या सततच्या ओढीमुळे हा क्रम सुरूच होत नाही. रस्त्याच्या कामामुळे पट्टे पुसले गेलेल्या ठिकाणी आमची गाडी एका बाजूला सरकू लागली, तेव्हा मित्राचे हात मांडीवर होते आणि समोरच्या पडद्यावर हिरवे चिन्ह तसेच उजळलेले होते. त्याने वेळेत स्टिअरिंग धरले, पण मला घाम फुटला होता. पुढच्या थांब्यावर मी त्याला ते काढायला लावले.

खोक्यातल्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.’ या ओळीने विक्रेता आपली जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात टाकू पाहतो. मात्र अशी सूचना विक्रेत्यालाही वाचवतेच असे नाही: २०१८ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अशाच एका उपकरणाची विक्री थांबवण्याचा आदेश दिला होता. जर्मनीत डिसेंबर २०२२ मध्ये बाम्बर्गजवळ पोलिसांनी सुमारे १५ मिनिटे पाठलाग करून थांबवलेल्या गाडीत असेच वजन सापडले. चालक झोपला असावा असा पोलिसांचा संशय होता आणि वाहतूक धोक्यात आणल्याबद्दल त्याच्याविरुद्ध तपास सुरू झाला.

खरेदीदाराने सर्वाधिक विचार करावा तो हेतूचा. दुसऱ्या स्तरावरील साहाय्य प्रणालीत, म्हणजे जिथे गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते पण चालकाने लक्ष ठेवायचे असते, तिथे गाडी चालवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते. डुलकी लागली किंवा लक्ष विचलित झाले, तर तो निष्काळजीपणा होता असा युक्तिवाद निदान करता तरी येतो. पैसे मोजून मागवलेले आणि स्वतःच्या हातांनी बसवलेले वजन मात्र ‘मला कल्पना नव्हती’ हे म्हणण्याची सोयच ठेवत नाही. त्यातच अनेक गाड्या स्टिअरिंगच्या हालचालींची नोंद ठेवतात आणि न हलणारे वजन व जिवंत हात यांतला फरक तपासात उघड होऊ शकतो. विमा कंपनी अशा वेळी पॉलिसीतील अटींवर बोट ठेवू शकते, आणि तसे झाले तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई चालकाच्या खिशातून जाण्याची वेळ येते. तो माणूस तर या खरेदीत कुठेच नव्हता.

यामुळे मी या वस्तूला एकही तारा देत नाही. हात स्टिअरिंगवर असूनही इशारा वाजत असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात सेन्सर आणि सॉफ्टवेअर तपासून घ्यावे. मित्राच्या तक्रारीचे मूळही तेच होते.