सात मिलिमीटरचा वेटसूट: पूअर नाइट्सच्या थंड पाण्यातले आठ महिने

तारकर्लीला पहिला डायव्ह केला तेव्हा अंगात भाड्याचा पातळ सूट होता आणि थंडी हा विषयच नव्हता. न्यूझीलंडला आल्यावर तो पहिला विषय झाला. टुटुकाका बंदरापासून वीसेक किलोमीटरवर समुद्रात पूअर नाइट्स बेटं आहेत. तिथलं पाणी हिवाळ्यात १५ अंशांच्या आसपास असतं. भाड्याच्या ५ मिलिमीटरच्या सूटमध्ये पंचविसाव्या मिनिटाला माझे दात वाजायला लागायचे आणि सिलिंडरमध्ये निम्मी हवा असताना मी वर यायचे. शेवटी गेल्या जुलैत ७ मिलिमीटरचा सेमी-ड्राय सूट, हूड आणि हातमोजे घेतले. आतापर्यंत २६ डायव्ह झाले.

मनगट, घोटे आणि मान इथे घट्ट पट्ट्या असल्याने आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने गरम होतं आणि तिथेच राहतं. आता पन्नास मिनिटं सहज होतात. या जागी त्या जादा पंचवीस मिनिटांना फार किंमत आहे.

ही बेटं जुन्या ज्वालामुखीचे अवशेष आहेत. कडे सरळ पाण्यात उतरतात आणि त्या खडकावर केल्प (मोठं समुद्री शेवाळ), स्पंज आणि ज्युवेल ॲनिमोन हे फुलासारखे दिसणारे चिमुकले प्राणी दाटलेले असतात. उत्तरेकडून येणाऱ्या उबदार प्रवाहाबरोबर एरवी गरम पाण्यात राहणारे मासेही इथे पोहोचतात. पण १५ मीटरवर नुसत्या डोळ्यांनी भिंत निळी-करडी दिसते, कारण लाल रंग पाणी आधीच गिळून टाकतं. टॉर्च लावला की तीच भिंत गुलाबी, नारिंगी, जांभळी होते. ज्युवेल ॲनिमोन नखाएवढा असतो आणि दुभंगून वाढतो, म्हणून एकेका रंगाची ठिगळं शेजारी शेजारी दिसतात. हे टिपायला झोत एका जागी धरावा लागतो. हात थरथरत असताना मला ते कधीच जमलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी ही भिंत पाहिली होती असं म्हणायचे, पण खरं तर ती गेल्या ऑगस्टमध्ये पाहिली.

१९९८ पासून इथे मासेमारी पूर्ण बंद आहे. निळ्या माओमाओ माशांचा थवा कमानीखाली आपल्याला वळसा घालून शांतपणे जातो.

परवानगीशिवाय बेटांवर उतरता येत नाही, त्यामुळे दोन डायव्हमधला वेळ बोटीवरच, वाऱ्यात काढावा लागतो. या सूटच्या छातीवर गुळगुळीत रबर आहे, त्यावर वारा अडतो. तरी वरून जाड जॅकेट हवंच.

आता त्रास. पाठीची झिप एकटीला लावता येत नाही, नवरा सोबत असला तरच निभावतं. बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं ५ किलोवरून ८ किलोवर गेलं. खोल गेल्यावर निओप्रीन (सूटचं फेसाळ रबर) दबून पातळ होतं, सूटची तरंगण्याची ताकद कमी होते आणि डायव्हिंगच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरत राहावी लागते. वर येताना सगळं उलटं. त्यात सिलिंडरमधली हवा संपत आली की तो दोनेक किलोने हलका होतो. तिसऱ्या डायव्हला वर येताना सुरक्षेसाठी घ्यायच्या पाच मीटरवरच्या थांब्यावरून मी नको असताना वर आले. तेव्हापासून शिसं ९ किलो, आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये हात हवा सोडायच्या बटणावरच.

पाचव्या महिन्यात गुडघ्यावरची शिवण उकलली. दुकानदाराने झिजेचं कारण देऊन वॉरंटी नाकारली. याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण मी सूट दर वेळी गोड्या पाण्यात धुऊन, जाड हँगरवर, सावलीतच वाळवते. निओप्रीनच्या गमाने शिवण चिकटवली, अजून टिकली आहे.

फेब्रुवारीत पाणी २१ अंशांवर गेलं तेव्हा बोटीवर जीव घाबरा झाला. वर्षभरासाठी एकच सूट घ्यायचा असेल तर हा घ्यावा, पण उन्हाळ्यात हूड घरी ठेवावा. आणि अंगावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. कमरेशी किंवा मानेशी पोकळी राहिली तर सात मिलिमीटरचाही उपयोग नाही.

हातमोजे मात्र बदलणार आहे. ३ मिलिमीटरच्यात बोटं बधिर होतात, आणि ऑगस्टमध्ये त्याच भिंतीपाशी टॉर्च धरायचा आहे.