साळींदर आलं, पण दुपारी सव्वादोनला? ट्रॅप कॅमेऱ्याचा पाच महिन्यांचा अनुभव

ट्रॅप कॅमेरा म्हणजे रानात बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. माझ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा भलामोठा आकडा छापलाय. त्याला भुलून घेणार असाल तर आधीच सांगते, आमच्या कामात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. अशा कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा मोठा आकडा सॉफ्टवेअरनं फोटो फुगवून गाठलेला असतो. मी सगळ्यात खालचं सेटिंग ठेवलं. फोटो पटकन साठतो आणि कार्डही पुरतं.

मी सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात स्वयंसेवक आहे. नकाशावर जंगलाचे चौकोन पाडलेत, त्यातले चार माझ्या वाट्याला आलेत. दर तीन आठवड्यांनी जायचं, कार्ड आणि सेल बदलायचे, समोरचं गवत कापायचं, वहीत नोंद करायची. (गवत कापायचा कंटाळा केला तर काय होतं, ते एकदा कार्डभर डुलणारी पाती बघून कळलं.) गटाचे कॅमेरे कमी पडत होते म्हणून हा माझा मी घेतला. पेशानं हिशेबनीस आहे, तेव्हा तक्रारीही त्याच चष्म्यातून.

सेन्सरला पैकीच्या पैकी. जनावराचं अंग आणि मागची झाडी यांच्या उष्णतेत फरक असतो. तो फरक समोरून हलला की फोटो निघतो. भर दुपारी तापलेल्या दगडांपुढे हा थोडा आंधळा होतो, पण ते या जातीच्या सगळ्याच सेन्सरचं दुखणं. आम्ही कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतो, पायवाटेला तिरका, म्हणजे प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड नको, नाहीतर सूर्य थेट भिंगात. मग चाचणीचं बटण दाबून समोरून रांगत जायचं. लाल दिवा लुकलुकला की जमलं. पहिल्याच दिवशी मी चाचणी बंद करायची विसरून फोटो चालू केले आणि पुन्हा एकदा रांगले. माझ्या पहिल्या कार्डावरचा पहिला सस्तन प्राणी म्हणजे चार पायांवरची मी. गटानं तो फोटो जपून ठेवलाय.

रात्रीचा फ्लॅश न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा (ही त्याच्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी). गटाच्या जुन्या कॅमेऱ्यांचे ८५० चे दिवे मंद लाल दिसतात, आणि त्या फोटोंत हरणं हमखास कॅमेऱ्याकडे टक लावून बघताना सापडतात. याचे फोटो दाणेदार, पल्लाही कमी. पण रानडुकरीण पिल्लांचं लटांबर घेऊन गेली ती मान वर न करता. दाणेदार फोटोचं मला काही वाटत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात २२५ कॅमेरे लावून निघालेले फोटो हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या ओळखले. एकच फोटो अनेकांना दाखवून बहुमतानं ठरलेलं उत्तर तज्ज्ञांच्या उत्तराशी ताडलं, तेव्हा प्रजाती ९६.६ टक्के वेळा बरोबर निघाली. त्यातलेही सगळे फोटो काही भिंतीवर लावण्यासारखे नव्हते.

आता घड्याळ. तिसऱ्या फेरीला सेल बदलले, झाकण लावलं, घरी आले. तीन आठवड्यांनी कार्ड उघडते तर मिट्ट काळोखात काटे फुलवलेलं साळींदर, आणि खाली वेळ छापलेली : १ जानेवारी, दुपारी २.१५. सेल काढल्याबरोबर घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलं होतं. घड्याळ चालू ठेवायला आत वेगळा छोटा सेल नाही. एवढ्या किमतीच्या वस्तूत ही कंजुषी का, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

नुसता फोटो हवा असेल त्याला हे क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे फोटो म्हणजे पावती, आणि बिनतारखेच्या पावतीचं मी काय करू? कुठला प्राणी कुठल्या वेळी फिरतो हे वेळेवरूनच काढतात. त्याच जागी तोच प्राणी अर्ध्या तासात पुन्हा दिसला तर आम्ही एकच नोंद धरतो, तेही वेळेवरूनच.

वाचले ते समन्वयक ताईंच्या शिस्तीमुळे. कॅमेरा लावताना आणि कार्ड काढताना खरी तारीख-वेळ लिहिलेली पाटी भिंगासमोर धरायची, हा त्यांचा नियम. पहिल्या पाटीवर सकाळचे दहा, कॅमेऱ्याच्या मते मध्यरात्रीचे बारा. शेवटच्या पाटीवर ११.२०, कॅमेऱ्याच्या मते रात्रीचे १.२०. दोन्हीकडे फरक बरोब्बर दहा तासांचा. साळींदर रात्री सव्वाबाराला आलं होतं. सगळ्या फोटोंच्या वेळा एका बैठकीत दुरुस्त केल्या, ताळेबंद जुळल्यासारखं वाटलं. घड्याळ मधेच गेलं असतं तर मात्र दोन पाट्यांचा फरक जुळला नसता आणि कुठून चुकलं ते शोधत बसावं लागलं असतं.

कंपनीला कळवलं. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा म्हणाले. केलं. पुन्हा तेच.

बाकी किरकोळ. झाकणाचं रबर सैल, एकदा सेलच्या कप्प्यात मुंग्यांनी अंडी घातली. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, आठही नवे घातले तरी याला ते पहिल्या दिवसापासून अर्धे संपलेलेच वाटतात, लिथियमचे घाला. पट्टा मजबूत.

पाचपैकी साडेतीन. सध्या तो वाटेच्या सगळ्यात जवळच्या चौकोनात बांधते, घड्याळ बघायला फार चालावं लागत नाही.