दात पांढरे करणे: दवाखान्यातील खुर्ची की घरचा साचा?

इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील एका दंतचिकित्सालयात मी खुर्चीवर बसून दात पांढरे करून घेतले आणि माझ्या नणंदेने त्याच डॉक्टरांकडून साचे बनवून घेऊन घरी तोच उपचार केला. त्यामुळे दोन्ही पद्धतींचे परिणाम एकाच घरात, एकाच उजेडात ताडून पाहता आले.

दोघींच्याही उपचाराची सुरुवात तपासणी आणि सफाईने झाली. हा भाग कोणी वगळू नये, कारण किडलेल्या दातात पेरॉक्साइड, म्हणजे दात पांढरे करणारे रसायन, शिरले तर वेदना होतात. इंदुरात पोह्यांतली हळद आणि दिवसभराचा चहा यांनी दातांवर जो थर चढतो, त्याचा बराचसा भाग कीटण काढतानाच निघून गेला. माझ्या मते, ज्यांचा पिवळेपणा एवढाच आहे, त्यांनी येथेच थांबावे.

खुर्चीवरील उपचारात हिरड्यांवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप लावून त्यांना झाकतात आणि मग तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडचे जेल दातांवर ठेवतात. त्याचे प्रमाण साधारण २५ ते ४० टक्के असते, म्हणूनच हे काम घरी करण्याजोगे नाही. जेल पुसून पुन्हा लावत एका बैठकीत काम संपते. समोर ठेवलेला निळा दिवा मात्र प्रामुख्याने देखाव्याचा वाटला. त्याने अंतिम रंगात टिकाऊ फरक पडतो, असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. शेड गाईडशी, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांशी, ताडून पाहता रंग त्या संध्याकाळी लक्षणीय उजळला होता, पण पुढील काही दिवसांत थोडा उतरला. उपचारात दात कोरडे पडतात आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. लाळेतले पाणी परत मुरले की खरा रंग कळतो. चिकित्सालयाने हे आधी सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे. त्या रात्री थंड पाण्याच्या घोटासरशी दातांतून सणक जात होती, तीही दोन-तीन दिवसांत थांबली.

नणंदेच्या साच्यांसाठी दातांचे माप घेऊन पातळ, मऊ प्लास्टिकचे खोळे तयार केले होते. त्यांत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून ते रात्री लावायचे. या जेलमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, त्यामुळे काम सावकाश होते. रात्रभर साचा लावण्याच्या या पद्धतीचे वर्णन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि साधारण दोन आठवड्यांचा कालावधी त्यासाठी पुरेसा मानला जातो. तिला संयम लागला. जेल जास्त झाले की हिरडीवर पांढरा चट्टा उठून चुरचुरत असे, आणि दात संवेदनशील झाले की ती मधली एखादी रात्र सोडून पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरीत असे. काही महिन्यांनी आमच्या दोघींच्या दातांत मला तरी फरक ओळखता आला नाही, खर्च मात्र तिचा निम्म्याहून कमी झाला होता.

दुकानातून किंवा ऑनलाइन आणलेल्या वस्तूंना या दोन पद्धतींच्या पंक्तीत बसवता येणार नाही. व्हाइटनिंग टूथपेस्ट वरवरचे डाग घासते आणि काही पेस्टमधील निळसर रंगद्रव्य दात तात्पुरते पांढरे भासवते. कोळशाची पूड आणि लिंबू-सोडा यांनी तर इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, झिजते, मग आतील पिवळसर डेंटीनच अधिक दिसू लागते. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतची पेरॉक्साइड उत्पादने दंतवैद्यामार्फतच देता येतात. तो नियम मला रास्त वाटतो.

कॅप किंवा जुनी फिलिंग यांचा रंग कोणत्याही पद्धतीने बदलत नाही. मध्य प्रदेशातील धार-झाबुआकडील फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे ज्यांच्या दातांवर डाग आहेत, त्यांचे पांढरे चट्टे ब्लीचिंगने सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात, तर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे करडे डाग फिकट होण्यास महिने लागतात. अशांनी उपचाराआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे.

चहा सुटणार नसेल तर रंग पुन्हा मंदावणारच. तेव्हा मला पुन्हा खुर्चीचा पूर्ण खर्च करावा लागेल. नणंदेला फक्त जेलची सिरिंज विकत घ्यायची आहे, साचे तिच्याकडे आहेतच.