१४ फुटी फायबर बोट आणि ट्रेलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः एका इंचाबद्दल

पाचपैकी तीन. बोटीला साडेचार, ट्रेलरला दीड, सरासरी तीन. (आधीचा मजकूर जूनमधला आहे, तो तसाच ठेवलाय. पुढे सप्टेंबरची भर आहे, तिथे आकडा बदललाय.)

माहितीपत्रकात ठळक छापलंय: रुंदी ५ फूट ८ इंच. ही बोटीची रुंदी, या काठापासून त्या काठापर्यंत. ट्रेलरची रुंदी अख्ख्या पत्रकात कुठेही नाही. एका मडगार्डच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला की ६ फूट ७ इंच भरतात, म्हणजे ७९ इंच. आता सोलापुरातल्या जुन्या बंगल्याचं गॅरेज घ्या. बांधकामात ७ फूट सोडलेले, म्हणजे ८४ इंच. त्यात शटरचे दोन गाईड (शटर ज्यात सरकतं ते उभे खाचे) बसलेत, प्रत्येकी ३ इंच. उरले ७८.

एक इंच. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर तयार होतं: "साहेब, माप बोटीचं असतंय, गाड्याचं नसतंय." गाड्याशिवाय बोट डोक्यावर घेऊन जायची काय, हे त्याने सांगितलं नाही.

बोट पाण्यावर कशी आहे, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही, कारण चांगली आहे. चार माणसं आणि ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन सकाळच्या शांत पाण्यात सरळ चालते, वळणावर काठ पाण्याला लागत नाही. उजनी धरणावर मात्र सकाळीच जायचं आणि वारा सुटायच्या आत काठाला यायचं. २१ मे २०२४ ला याच धरणात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, म्हणून लाइफ जॅकेट गॅरेजच्या खुंटीला न ठेवता बोटीतच बांधून ठेवायची. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठा तेवढा उरला, म्हणून पाणी संपत नाही. ११७ टीएमसीतलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठाच आहे. फक्त काठ लांब सरतो आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्या गाळात ट्रेलर रुतला तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. म्हणजे मार्च ते जुलै बोट बहुतेक गॅरेजातच राहणार, आणि म्हणूनच तो एक इंच महत्त्वाचा.

यावर लोक जे उपाय सुचवतात त्यातले निम्मे चुकीचे आहेत.

पहिला: टायरची हवा कमी करा. हवा काढली की ट्रेलर इंचभर खाली बसतो, म्हणजे उंची मिळते. पण टायर खालून बाजूला फुगतो, म्हणजे रुंदी जाते. शटरला डोकं लागत असेल तर हा उपाय. इथे अडचण कडेची आहे, तेव्हा उलटा पडतो.

दुसरा: बोट ट्रेलरवरून उतरवून थोडी तिरकी करून आत घ्या. यातला 'थोडी' हा शब्द घात करतो. बोट ६८ इंच रुंद आणि साधारण २४ इंच खोल धरा. आडव्या खोक्यासारखी वस्तू कलवायला लागलं की तिची रुंदी आधी वाढते. २० अंशाला ती ७२ इंच होते, ४० अंशाच्या जरा अलीकडे पुन्हा ६८ वर येते, आणि तिथून पुढे कुठे खरी बचत सुरू होते. ६० अंशाला रुंदी ५५ इंच, पण उंची ७१. बोटीचा तळ खोक्यासारखा चौकोनी नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा आधी सुरू होतो, पण १५-२० अंश कलवून काहीही साधत नाही. १६० किलोचं धूड चार माणसांनी कलतं धरायचं आणि ते आणखी रुंद करून दारात अडकवायचं, एवढंच होतं. दार ५ फुटी असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर लाकडी घोडीवर बोट ५५-६० अंशात पक्की बांधा, घोडीला चार चाकं लावा, इंजिन, बॅटरी, टाकी आधी काढा. ७ फुटी दाराला या भानगडीची गरज नाही.

तिसरा: भिंत छिला. प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असतं, तेवढं दोन्ही बाजूंनी काढता येतं. पण त्यासाठी गाईड उखडून परत बसवावे लागतात. आणि दाराची बाजू आरसीसी कॉलमची असेल तर प्लास्टरच्या आत छिन्नी नेऊ नका. सळईवरचं काँक्रीट गेलं की पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि कॉलम आतून फुटायला लागतो.

चौथा, खर्चिक पण खरा: गाईड गाळ्याच्या आत न ठेवता भिंतीच्या आतल्या तोंडावर लावा. मग ८४ च्या ८४ इंच मोकळे. अट अशी की दोन्ही बाजूंना आतून चार-चार इंच भिंत हवी, वर गुंडाळलेल्या शटरच्या रोलसाठी १४ इंच जागा हवी. आणि शटरच्या जुन्या पट्ट्या चालत नाहीत. पट्टी प्रत्येक गाईडमध्ये दीड इंच तरी आत बसावी लागते. म्हणजे आता ८७ इंचाची पट्टी लागणार, जुनी ८१ ची. पट्टीला जोड देता येत नाही, सगळा पडदा नवा. ५८ चौरस फूट, २३० रुपये दर, १३,३४० रुपये. जुनं शटर ५० किलोच्या आसपास भरतं, भंगारवाल्याने दीड हजार दिले तर भाग्य. एका इंचासाठी पावणेबारा हजार. नको.

राहिलं मडगार्ड. ते काढलं की टायरच्या बाहेरच्या फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत ७४ इंच, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन इंच मोकळे. ट्रेलरला दीड दिलाय तो इथे. मडगार्ड वेल्डिंगने नाही, दोन-दोन बोल्टवर आहे, हे चांगलं. पण बोल्ट आतून, टायर आणि चॅसिसच्या सापटीत. १७ चा पाना तिथे अर्धा फेरासुद्धा फिरत नाही. चाक उतरवल्याशिवाय मडगार्ड निघत नाही. वर मागच्या दिव्याची वायर मडगार्डच्या आतून क्लिपांनी नेलेली. घाईत मडगार्ड ओढलं की वायर तुटते आणि दिवा बंद, हे रात्री हायवेला लागल्यावर मागचा ट्रकवाला हॉर्न मारून सांगतो. दर खेपेला जॅक, चाक, दोन बोल्ट, वायर. आत घेताना एकदा, बाहेर काढताना एकदा. मडगार्ड न लावता रस्त्यावर नेणं हा उपाय नाही. टेंभुर्णीपर्यंत ऐंशी-एक किलोमीटर टायर खडी मारत राहतो, बोटीच्या बुडाला आणि मागच्या गाडीच्या काचेला.

सप्टेंबरची भर

ट्रेलरचा दीड होता, अडीच करतोय. कारण दोन.

एक, मडगार्डचा प्रश्न २,२०० रुपयांत सुटला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून होण्यासारखं काम आहे. चॅसिसला आडवा चौकोनी पाईप वेल्ड करायचा, त्यात सरकेल असा दुसरा पाईप मडगार्डला लावायचा, आरपार १२ मिमीची पिन आणि तिला आर-क्लिप. पाईपात पाईप थोडा सैल राहतोच आणि रस्त्यावर खडखडतो, म्हणून बाहेरच्या पाईपाला खालून नट वेल्ड करून एक बोल्ट आवळायचा. नुसत्या विंग नटवर विसंबू नका, मोहोळ यायच्या आत ढिला होतो. दिव्याची वायर मडगार्डवरून काढून चॅसिसवर घ्या, दिवे मागच्या आडव्या फळीवर. आता दोन्ही मडगार्ड पाच मिनिटांत निघतात. जॅक लागत नाही. हेच कारखान्यात केलं असतं तर पाचशेसुद्धा वाढले नसते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये बोट परत अडली, मडगार्ड काढूनही. तेव्हा समजलं की सगळा दोष ट्रेलरचा नव्हता. मे महिन्यात ७८ इंच भरलेलं दार ऑगस्टमध्ये खाली साडेसत्त्याहत्तर आणि वर सव्वाअठ्ठ्याहत्तर भरलं. काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळून आक्रसते, पावसात पाणी पिऊन फुगते. पाया उथळ असेल तर वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. इथे गच्चीच्या पाण्याचा पाईप नेमका दाराच्या डाव्या बाजूच्या पायाशी सोडलेला. ती बाजू भिजली, फुगली, कलली. दोन इंचांची सोय एका बाजूला दीडवर आली, आणि त्याच बाजूच्या गाईडला खाली वेल्ड केलेला कुलपाचा कान इंचभर पुढे. तो बरोबर टायरच्या फुगवट्याच्या उंचीवर येतो. उरला अर्धा इंच.

म्हणून दाराचं माप एकदा घेऊन भागत नाही. खाली, चाकाच्या उंचीवर आणि वर, असं तीन ठिकाणी घ्या, आणि एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. ओळंबा सोडून गाईड उभा आहे का बघा. काम असं झालं: गच्चीचा पाईप लांब नेला, पायालगत तीन फूट फरशी बाहेरच्या उताराने घातली, गाईडचे बोल्ट सैल करून भोकं लांबट केली आणि ओळंब्याने परत बसवले, कुलपाचा कान कापून बाहेरच्या तोंडावर घेतला. शटरही आता एका हाताने वर जातं, पूर्वी खालच्या हातभर पट्ट्यात करकरत होतं.

उंचीचा एक फसवा हिशेब राहिला. शटर पूर्ण वर गेलं तरी खालची जाड पट्टी आणि तिचं हँडल लोंबतं. त्याखाली ७२ इंच मोकळे. इंजिन वर टेकवून ठेवलं की त्याचा सगळ्यात उंच भाग ६८. चार इंच सुटतात असं वाटतं. पण गॅरेजची फरशी रस्त्यापेक्षा ६ इंच उंच आणि मधे ३ फुटांचा चढ. ट्रेलर मागच्या टोकाने आत जातो. चाकं वर चढली आणि कपलिंग (गाडीला जोडायचं पुढचं टोक) अजून रस्त्यावरच असलं, म्हणजे पुढचं टोक सहा इंच खाली, की मागचं टोक वर उचलतं. एक्सलपासून कपलिंग १० फूट, इंजिन ५ फूट, म्हणजे मागे ३ इंच वाढ. उरला एक इंच, आणि तो एका धक्क्यात जातो. उपाय सोपा आहे: चाकं चढाला लागायच्या आधी पुढचं छोटं चाक फिरवून कपलिंग सहा इंच वर घ्या, मागचं टोक आपोआप खाली येतं. मात्र त्याआधी कपलिंगवर वजन आहे ना, ते बघा. साडेतीनशे किलोच्या गाड्याला पुढे २५ ते ३५ किलो वजन असावं. इंजिन मागे, टाकी मागे, पुढे काहीच नाही असं असेल तर नाक हवेत जातं आणि मागचं टोक फरशीवर आपटतं.

आत घेताना घाई नको. दोन इंचांच्या सोयीत ट्रेलर सरळ असावा लागतो. १० फूट लांबीला एक अंश वाकडं गेलं की टोकाला दोन इंच फरक पडतो, म्हणजे सगळी सोय संपली. दारापासून आतपर्यंत गवंड्याच्या दोरीने गेरूची सरळ रेघ मारून ठेवा आणि कपलिंगची टोकाची खूण त्या रेघेवर चालवा. बोळात गाडीने ढकलत बसू नका, कपलिंग सोडून हाताने घ्या. चढाचा ओढा साठेक किलोचा आहे, दोन माणसं पुढून ढकलायला आणि तिसरा चाकाच्या उताराकडच्या बाजूला लाकडी ठोकळा घेऊन, प्रत्येक फुटाला ठोकळा सरकवत. ट्रेलरच्या विंचला (बोट ओढून घ्यायची हँडलची चकरी) दोर बांधून ओढायचा मोह होतो. हँडल हातातून सुटलं की उलटं फिरतं आणि मनगट मोडतं, कारण त्यात ब्रेक नाही, फक्त खटका आहे. दोन्ही गाईडना चाकाच्या उंचीपासून बोटीच्या काठाच्या उंचीपर्यंत जुनी सोलापुरी चादर चौपदरी गुंडाळून सुतळीने बांधा. फोमपेक्षा टिकते आणि रंग ओरखडत नाही. भिजली की मात्र सोडून वाळवा, नाहीतर गाईड गंजतो.

बाकी ट्रेलरची एक तक्रार आणि एक कौतुक. तक्रार: हबचं (चाकाच्या मधला, बेअरिंग असलेला भाग) सील कच्चं आहे. सोलापूरहून चालवत नेलेला हब गरम असतो, तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ग्रीस दुधासारखं पांढरं झालं की बेअरिंग गेलं समजा. काठावर अर्धा तास थांबा, हब हाताला गार लागल्यावरच पाण्यात घाला, आणि दर दोन महिन्यांनी ग्रीस बदला. कौतुक: स्प्रिंगच्या पाट्यांना गंज नाही, रोलर अजून गोल आहेत. उन्हाळ्यात ट्रेलर आधाराच्या घोड्यांवर उचलून ठेवा, नाहीतर पत्र्याखालच्या उकाड्यात टायर एका जागी चपटा होतो. बोटीच्या तळाचं बुच काढून नाक थोडं वर ठेवा. इंधनाची नळी काढून घरात न्या, उंदराला तिचा वास आवडतो.

आता गुण: बोट साडेचार, ट्रेलर अडीच, एकूण साडेतीन. २,२०० चं बिल विक्रेत्याला पाठवलंय. त्याचं उत्तर आलं: पुढच्या पत्रकात ट्रेलरचं माप छापू. पैशांबद्दल त्यात काही नाही.