आधी राजीनामा की आधी बंड? सिंधुदुर्गातले दोन दाखले

निवडणूक लागली की आमच्या बाजारात एकच विचारणा: ‘तू खयच्या बाजूचो?’ ज्याला आपल्याच पक्षाचा उमेदवार पटत नाही आणि समोरचा पटतो, तो या प्रश्नाला चहाचा कप पुढे करतो. तुम्ही असे कुंपणावरचे नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य असाल, तर लांब जायला नको, दोन्ही वाटा याच जिल्ह्यात मळलेल्या आहेत.

पहिली दीपक केसरकरांची. २०१४ च्या लोकसभेला ते सावंतवाडीचे राष्ट्रवादीचे आमदार आणि आघाडीचे उमेदवार काँग्रेसचे निलेश राणे, म्हणजे नारायण राणेंचे चिरंजीव. केसरकरांनी आघाडीधर्म बाजूला ठेवून प्रचाराला उघड नकार दिला आणि शिवसेनेच्या विनायक राऊतांना बळ दिलं. राऊत सुमारे दीड लाखांनी जिंकले. त्यात मोदी लाटेचा वाटा मोठा होता, हे बंडखोराने विसरू नये. पुढे केसरकरांनी आमदारकी सोडली, शिवसेनेत गेले आणि त्याच वर्षी सावंतवाडीतून पुन्हा निवडून आले.

दुसरी नारायण राणेंची. २००५ मध्ये शिवसेनेशी बिनसलं तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते. काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक मोठ्या फरकाने जिंकले. हिशेब लगेच चुकता. पण त्यासाठी मतदारसंघ पक्षाचा नव्हे, तुमचा असावा लागतो. तेवढी ताकद किती जणांकडे असते?

केसरकरांच्या वाटेने वेळ मिळतो, वारा कुठला ते बघता येतं. धोका मात्र कायद्याचा. पुष्कळांना वाटतं, सभागृहात व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तरच पद जातं. तसं नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटलं की राजीनामा न देताही, नुसत्या वागण्यावरून पक्ष सोडल्याचं ठरू शकतं. शरद यादवांची राज्यसभेची खासदारकी २०१७ मध्ये गेली, त्यात विरोधकांच्या सभेला हजर राहिल्याचा मुद्दा होता. तुमच्या पातळीवर १९८६ चा राज्याचा अनर्हता कायदा, म्हणजे पक्ष बदलणाऱ्याचं पद काढून घेणारा कायदा, आहे आणि पक्षाने तक्रार केली तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी. समोरच्याच्या व्यासपीठावरचा एक फोटो तिथे पुरावा म्हणून येतो.

तिसरी वाट बहुतेक जण धरतात: दिवसा आपल्या पक्षाचा झेंडा, रात्री वाडीत समोरच्याची माणसं. हिचा विचारही करू नका. वाडीत काही लपत नाही, आणि जिंकलेला उमेदवारसुद्धा अशा माणसाला दारातच बसवतो.

माझं मत विचाराल तर मुदतीची दोन-तीन वर्षं उरली असतील आणि मतं तुमच्या घराण्याची, कामाची असतील, तर आधी राजीनामा. पोटनिवडणुकीत गर्दी जमवायची ऐपत नसेल, मुदतही संपत आली असेल, तर नकार जाहीर करून तटस्थ राहा, पण समोरच्या व्यासपीठावर चढू नका. ते निकालानंतर.

आणि पत्रक काढाल तेव्हा भांडण मुद्द्याचं लिहा, माणसाचं नको. २०२४ च्या लोकसभेला केसरकर महायुतीत होते, उमेदवार नारायण राणे आणि समोर तेच विनायक राऊत. या वेळी केसरकर राणेंसाठी मतं मागत होते. राणे सुमारे ४८ हजारांनी जिंकले. दहा वर्षांपूर्वीची भाषणं लोकांच्या मोबाइलमध्ये होतीच.